मिरचीच्या हॉलमधली हवा

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. पत्र्याच्या डक्टला जिथं वाकडं वळण येतं तिथं धूळ बसते, आणि जिथं मालक, मॅनेजर आणि कॉन्ट्रॅक्टर एकत्र येतात तिथं किस्सा बसतो. चहाच्या टपरीवर मी सांगायला लागले की लोक पोट धरून हसतात. मीही हसते. नंतर स्कूटीवर एकटी घरी निघाले की हसू येत नाही, शिव्या येतात.

माझं काम सोपं करून सांगते. कारखान्यात हवा आत आणणारे आणि बाहेर फेकणारे मोठे पंखे आणि त्यांचे पत्र्याचे बोगदे, म्हणजे डक्ट, बसवून झाले की ते सुरू करून द्यायचे. हवा जिथं पोचायला हवी तिथं पोचत नसेल, तर का पोचत नाही ते हुडकायचं. माझ्याबरोबर दोघं असतात. एक नगरचे रफिकभाई, पिढीजात पत्रेवाले. आजोबा ट्रंका बनवायचे, हे डक्ट बनवतात. दुसरा नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातला भांगरे, आमचा फिटर. डोंगरात वाढलेला, त्यामुळे आम्ही शिडी आणेपर्यंत तो वर पोचलेला असतो.

आजचे सगळे किस्से सुप्याच्या एका मसाल्याच्या कारखान्यातले. नाव सांगत नाही, मालकांना वकील परवडतो. तिथं मिरची पूड पाकिटात भरायचा एक मोठा हॉल आहे. हॉलमध्ये मशीनवर बायका, आणि प्रत्येक मशीनच्या डोक्यावर पत्र्याचं उलटं नरसाळं. उडणारी पूड या नरसाळ्यानं वर ओढायची, डक्टमधून छतावरच्या गाळणीच्या पिशव्यांत सोडायची आणि स्वच्छ हवा बाहेर टाकायची. कागदावर असं होतं. प्रत्यक्षात ती पूड बायकांच्या नाकात जात होती.

तिथल्या द्वारकाबाई पाथर्डीकडच्या. लग्न झाल्यापासून दरसाल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. पोरगी दहावीला आली, आणि दर वर्षी तिची अर्धी शाळा उसाच्या फडात बुडायची. म्हणून ह्या वर्षी त्या हट्टानं सुप्यात राहिल्या आणि ह्या हॉलमध्ये लागल्या. आता छातीनं दगा दिला होता. खोकला सुरू झाला की भिंत धरायच्या. डॉक्टरनं सरळ सांगितलं होतं, एक तर हॉल सुधारा, नाही तर हॉल सोडा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाठलं. "ताई, हे तुमचं नरसाळं दसऱ्यापात्तुर चालू व्हईल का? न्हाई झालं तर मुकादमाला व्हय म्हनावं लागंल. उसात कंबर मोडती, पन असा खोकला न्हाई येत."

"होईल की. दसरा लांब आहे अजून," मी म्हणाले.

"पोरीची धाव्वी हाय, म्हून इचारलं."

* * *

सुरुवात करायचा दिवस. शेठनी गुरुजींकडून मुहूर्त काढून आणलेला. छतावरच्या पंख्याला झेंडूचा हा एवढा हार, हळदीकुंकू, नारळ. शेठनी बटण दाबलं. नरसाळ्यांना आम्ही लाल रिबिनी बांधल्या होत्या, त्या वर ओढल्या जायला हव्या होत्या. त्या जागच्या जागी थरथरल्या. पण हलल्या ना! टाळ्या! पेढे!

मला ते थरथरणं काही पटेना. मी छतावर गेले, हार बाजूला सारला. हाराच्या खाली पंख्यावर बाण होता, आणि पंखा बाणाच्या बरोब्बर उलटा फिरत होता. इलेक्ट्रिशियननं वायरींची अदलाबदल केलेली. ह्या जातीचा पंखा लबाड असतो. उलटा फिरला तरी थोडीफार हवा ओढतोच, त्यामुळे खालच्यांना वाटतं, चाललंय.

दोन वायरी इकडच्या तिकडे करायच्या. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. मी मॅनेजर चोपडे साहेबांना सांगितलं, तर त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं.

"हळू बोला! शेठच्या हातून, मुहूर्तावर सुरू झालाय. आता लगेच बंद करायचा? आणि उलटा आहे असं शेठना कुणी सांगायचं?"

"मग कधी सुलटा करायचा?"

"अमावास्या होऊन जाऊ दे. मग बघू."

म्हणजे अमावास्या होईपर्यंत शेठचा मान वर राहिला आणि मिरची खाली. द्वारकाबाई रोज माझ्याकडे बघायच्या, मी रोज छताकडे बघायचे. भांगरे मला समजावत म्हणाला, "म्याडम, पंखा बराबर फिरतोय. आपुनच उलट्या अंगानं बघतोय!"

* * *

पंखा सुलटा झाला, तरी एका रांगेतली नरसाळी काही केल्या ओढेनात. द्वारकाबाई त्याच रांगेत. मी मीटर धरून बसले, काटा ढिम्म. पंखा बघितला, पट्टे बघितले, डक्टमधल्या झडपा बघितल्या. सगळं ठीक. शेवटी भांगरेला म्हटलं, खोल बाबा तो जोड.

जोड खोलला तर आत प्लॅस्टिक! डक्ट बसवताना त्यात बांधकामाची धूळ जाऊ नये म्हणून रफिकभाई प्रत्येक तुकड्याच्या तोंडाला जाड प्लॅस्टिक बांधतात. चांगली सवय आहे. फक्त पुढचा तुकडा जोडताना ते काढायचं असतं. ह्या जोडावर ते राहून गेलं होतं, आणि चिकटपट्टी अशी मारलेली की ब्लेडनं कापावी लागली.

मी खालूनच ओरडले, "रफिकभाई, हे काय आहे?"

रफिकभाईंनी वर बघितलं, कपाळावर हात मारला. पण माणूस पत्रेवाला, हार मानेल तर शपथ. म्हणाले, "ताई, तुम्हीच म्हणाला होता ना, रफिकभाई, डक्टमध्ये धुळीचा कण जायला नको? बघा! आहे का एक तरी कण?"

धूळ ओढायचा डक्ट, आणि त्यात धुळीला बंदी! मी हसले, भांगरे शिडीवरून पडायचा राहिला. रफिकभाई मात्र हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला नाही, त्या रांगेचा एकेक जोड स्वतः वर चढून खोलून बघितला. उतरल्यावर द्वारकाबाईंपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "भाभी, आमच्याकडून चुकलं." त्या कारखान्यात चुकलं हा शब्द मी तेवढ्या एकदाच ऐकला.

* * *

हा बारका आहे. चोपडे साहेब मला इंजिनिअर मानायचेच नाहीत. प्रश्न हवेचा, उत्तर माझं, आणि बघणार रफिकभाईंकडे. एकदा फोनवर म्हणाले, "तुमचे साहेब कधी येणार साइटवर?"

"मीच आहे की."

"तसं नाही हो, मेन साहेब."

रफिकभाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "मेन साहेब छतावर आहेत, लई तापट माणूस आहे. काय असेल ते ताईंना सांगा, त्या बघतील बोलता येतं का." त्या दिवसापासून माझी कामं भराभर व्हायला लागली. मी म्हटलं, "झडप बदला," की नन्नाचा पाढा. रफिकभाई म्हणाले, "मेन साहेब म्हणालेत, झडप बदला," की दुपारपर्यंत नवी झडप हजर!

चोपडे साहेब अजून कुठं भेटले की विचारतात, "तुमचे साहेब बरे आहेत ना?"

* * *

जूनमध्ये योगदिन आला. वरून आदेश होता, सगळ्या कामगारांचा सामूहिक प्राणायाम झाला पाहिजे, फोटो पाठवले पाहिजेत. सगळे मावतील अशी जागा कारखान्यात एकच. मिरचीचा हॉल!

मशीन बंद ठेवल्या. मशीन बंद म्हणून पंखेही बंद ठेवले, वीज कशाला जाळायची? जमिनीवर सतरंज्या अंथरल्या. त्या हॉलच्या जमिनीवर सतरंजी झटकून अंथरायची म्हणजे काय होतं, ते ज्यानं मिरची कांडलीय त्याला विचारा.

नगरहून योगाचे सर आले होते. पांढरे शुभ्र कपडे, गोड आवाज. "डोळे मिटा. मन शांत करा. आता दीर्घ श्वास आत घ्या..."

बायकांनी घेतला नाही. त्यांना माहीत होतं. एकटीनंही घेतला नाही, पदर तोंडाला लावून मिटल्या डोळ्यांनी बसून राहिल्या. दीर्घ श्वास घेतला तो फक्त सरांनी आणि पहिल्या ओळीतल्या ऑफिस स्टाफनं. पुढं योग राहिला बाजूला, जो तो दाराकडे पळत सुटला. सर सगळ्यात पुढं होते.

सर नळाखाली तोंड धरून उभे होते. द्वारकाबाईंनी त्यांना गुळाचा खडा आणून दिला आणि म्हणाल्या, "सर, हितं आमी उथळच घेतो. सवयीनं जमतं."

* * *

आता शिंकेचा किस्सा. हॉलमध्ये बाहेरची ताजी हवा गार करून आणणारा एक वेगळा डक्ट आहे. ड्रॉइंगप्रमाणे त्याची सगळी हवा हॉलला. मोजली तर निम्मी. उरलेली गेली कुठं? भांगरे डक्टच्या कडेकडेनं छतात सरपटत गेला आणि भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, "म्याडम, हितं एक फाटा फुटलाय. लई गार वाटतंय. खाली सोफा दिसतोय!"

तो चोपडे साहेबांच्या केबिनचा सोफा होता.

"ही ब्रांच ड्रॉइंगमध्ये नाही," मी साहेबांना म्हणाले.

"ती ड्रॉइंगनंतर झाली," साहेब म्हणाले. सोफ्यावर चांगले रेलून म्हणाले.

मी भांडले. मेन साहेबांच्या नावानंसुद्धा भांडून बघितलं, पण केबिनच्या गारव्यापुढं मेन साहेबांचंही चालेना. फाटा तसाच राहिला. पुढं वीज वाचवायची म्हणून कुणीतरी डोकं चालवलं. बाहेरची गरम हवा थंड करण्यापेक्षा हॉलमधलीच थोडी हवा परत फिरवू या! मी नको म्हणत असताना डक्टला हॉलच्या बाजूनं भोक पाडलं, साधी जाळीही लावली नाही. आता हॉलची हवा फिरून पुन्हा हॉलमध्ये, आणि फाट्यातून थेट सोफ्यावर.

दुसऱ्या दिवशी शेठ आणि दोन पाहुणे केबिनमध्ये बसलेले. साहेबांना पहिली शिंक आली. मग दुसरी. मग शेठना. मग पाहुण्यांचे डोळे वाहायला लागले. माझा फोन वाजला, "मॅडम, इमर्जन्सी! हातातलं टाकून या! इथं माणसं बसूच शकत नाहीत!"

बायका त्या हवेत उन्हाळ्यापासून बसल्या होत्या. मला फार राग आला. फोन खिशात टाकला आणि मीटर उचलून निघाले, कारण तोंड उघडलं असतं तर काम हातचं गेलं असतं.

त्याच दिवशी केबिनचा फाटा बंद झाला आणि साहेबांना स्वतंत्र एसी आला. भोक बुजवू या का, विचारलं, तर म्हणाले, "आता कशाला? तक्रार तर मिटली!" एवढंच झालं की फाट्याची हवा हॉलच्या वाट्याला परत आली. आपलीच मिरची परत, पण जरा वाऱ्यासकट.

द्वारकाबाई म्हणाल्या, "साहेब शिंकले म्हून आमाला वारा आला. द्येव करो नि त्यांला रोज सर्दी होवो!"

* * *

श्रावण संपता संपता एकदाचं सगळं जुळलं. भोक आम्ही कुणाला न विचारता बुजवलं. पंखा सुलटा, डक्ट मोकळे, झडपा बरोबर. नरसाळ्यांना बांधलेल्या रिबिनी ताठ वर! हॉलमध्ये पहिल्यांदा समोरची भिंत लाल नाही, पांढरी दिसली. द्वारकाबाईंनी तोंडावरचा रुमाल सोडला. आठवडा झाला, खोकला निम्म्यावर आला. मुकादम घरी येऊन गेला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावला म्हणाल्या. मला डब्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा आग्रहानं खायला लावला. मी म्हटलं, मिरची नको हो, तर हॉलभरच्या बायका हसल्या.

मग शेठ छतावर गेले. गाळणीच्या पिशव्यांखाली पूड साठायचा एक पिंप असतो. नरसाळी नीट ओढायला लागल्यावर तो भरणारच. शेठनी झाकण उघडलं आणि डोळेच विस्फारले.

"अरे, हा माल आहे माझा! तुम्ही माझा माल ओढताय?"

मी समजावलं, "शेठ, ही उडणारी पूड आहे. ती पाकिटात कधीच जात नव्हती. आधी ती ह्या बायकांच्या छातीत जात होती."

शेठ म्हणाले, "असेल. पण तेव्हा ती मला दिसत नव्हती ना!"

संध्याकाळी भांगरेनं दाखवलं. मुख्य झडप अर्ध्याच्या वर बंद करून बाइंडिंग वायरनं आवळून टाकली होती. आम्ही वायर सोडायची, सकाळी ती पुन्हा आवळलेली असायची. असं बरेच दिवस चाललं. मग झडपेला कुलूपच लागलं, आणि किल्ली चोपडे साहेबांच्या खिशात. हॉल परत लाल झाला. द्वारकाबाईंनी रुमाल परत बांधला. मला एकदाच म्हणाल्या, "ताई, दसरा आला बरं का," आणि त्यात राग नव्हता, हेच मला सहन होईना.

* * *

आणि आता तो शेवटचा. हा मी टपरीवर सांगत नाही.

दसऱ्याच्या आधी परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं हॉलची हवा तपासायला येणार होती. हवा चांगली निघाली तर ऑर्डर, नाही तर नाही. मला वाटलं, चला, आपण पाया पडून जे झालं नाही ते गिऱ्हाइकाच्या धाकानं होईल. कुलूप निघेल, झडप उघडेल, आणि एकदा परदेशी शिक्का बसला की परत बंद करायची कुणाची छाती होणार नाही. द्वारकाबाईंना मी तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "मुकादमाला परवापात्तुर थांबवते."

तपासणीच्या आदल्या दिवशी चोपडे साहेबांनी हॉलमध्ये येऊन जाहीर केलं, "उद्या सगळ्यांना भरपगारी सुट्टी!"

बायका खूश. मी साहेबांच्या मागे धावले. "साहेब, मशीन बंद, माणसं नाहीत, मग उद्या तपासणार काय?"

"हवा!" साहेब म्हणाले.

त्या दिवशी हॉल धुऊन काढला. मशीन पुसल्या. झडप साहेबांनी स्वतःच्या हातानं पूर्ण उघडली. मिरचीचं एक पोतंसुद्धा आत ठेवलं नाही. सकाळी तपासणीवाले आले, गिऱ्हाइकानं नेमलेली पुण्याची दोन सुटाबुटातली माणसं. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, मशीन चालू असताना तपासा, बायका बसलेल्या असताना तपासा. त्यातला एक माझ्याकडे बघून सभ्यपणे हसला. "मॅडम, आम्हाला हॉल तपासायला सांगितलंय. हॉल तर हाच ना?"

हॉल हाच होता. त्यांनी चारी कोपऱ्यांत यंत्र धरलं आणि आकडा बघून एकमेकांकडे बघत मान डोलावली. इतकी चांगली हवा त्यांनी मसाल्याच्या कारखान्यात बघितली नव्हती म्हणे. शेठनी त्यांना पेढे दिले. मलाही दिला. मी घेतला नाही, तर म्हणाले, "अहो घ्या, तुमचंच तर काम! आता सामान न्या, तुमचं इथलं संपलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं शिड्या आणि पेट्या टेम्पोत चढवत होतो. छतावर झडपेला पुन्हा कुलूप लागलं होतं, भांगरे बघून आला होता. गेटबाहेर मुकादमाची पाथर्डीहून आलेली जीप उभी होती, टपावर बोचकी बांधलेली, आत द्वारकाबाईंचा नवरा आणि पोरगी. द्वारकाबाई गेटवर आल्या. हातात घडी केलेला अ‍ॅप्रन आणि टोपी. त्या त्यांनी वॉचमनच्या टेबलावर ठेवल्या, हातानं नीट सारख्या केल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"ते हवा तपासनार म्हनला हुता न्हवं, काल काय निघालं, ताई?"

रफिकभाई दोरी सोडून उभे राहिले. यंत्रावर जे दिसलं होतं तेवढंच मी सांगितलं.

"हवा चांगली निघाली."

द्वारकाबाईंनी मान हलवली. पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"मंग आमाला बी कालच कामावर बोलवायचं हुतं."